प्वाल्यू : केसाळ, शूर की नुसता गडी?

प्रश्न : पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच पायदळ सैनिकाला ‘प्वाल्यू’ म्हणत. एका अनुवादात त्यासाठी ‘केसाळ शिपाई’ असे वाचले. हे योग्य आहे का?

उत्तर : शब्दशः ते बरोबर आहे, कारण ‘प्वाल’ म्हणजे अंगावरचा केस आणि ‘प्वाल्यू’ म्हणजे केसाळ. मात्र अर्थाच्या दृष्टीने ते फसवे आहे. खंदकात दाढी करायला पाणी मिळत नसे, म्हणून हे नाव पडले, ही लोकप्रिय व्युत्पत्ती अपुरी ठरते. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकच्या 1833 सालच्या कादंबरीत, नेपोलियनच्या सैन्याच्या रशियातून माघारीच्या वेळी बेरेझिना नदीवर पूल उभारण्याच्या कामाला पुरेसे ‘केसाळ’ असे फक्त 42 जण निघाल्याचा उल्लेख आहे, आणि तिथे अर्थ उघडच छातीचा, धैर्याचा आहे. आपल्याकडे मिशीला पीळ देणाऱ्यात जी मर्दुमकी गृहीत धरतात, तीच तिथे अंगावरच्या केसांत धरली गेली. (‘दाढीदीक्षित’ हा शब्द मोह पाडतो खरा, पण त्यात थट्टाच अधिक.) शिवाय 1915 पासून विषारी वायूचे हल्ले सुरू झाल्यावर दाट दाढीवर मुखवटा घट्ट बसेना, त्यामुळे प्रत्यक्षातला प्वाल्यू पुष्कळदा मिशीपुरताच केसाळ उरला.

महत्त्वाचा प्रश्न आहे तो हा शब्द कोणाच्या तोंडी शोभतो याचा. वर्तमानपत्रांनी आणि घरी राहिलेल्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. आघाडीवरचे सैनिक मात्र एकमेकांना बहुधा ‘बॉनॉम’ म्हणत. त्याला मराठीत ‘गडी’ हा शब्द विलक्षण जुळतो, कारण त्यात माणूस, सोबती आणि शेतावर राबणारा या तिन्ही छटा आहेत, आणि त्या पायदळात शेतकऱ्यांचा भरणाही मोठा होता. चिखल, उवा आणि ‘पिनार’, म्हणजे शिध्यात मिळणारी साधी तांबडी वाइन, यांत दिवस काढणाऱ्या या माणसाला घरच्या लोकांनी दिलेली वीराची पदवी कृत्रिम वाटली असेल, तर नवल नाही. युद्धानंतर मात्र ती पदवीच टिकली. एझेन बेने या शिल्पकाराच्या ‘विजयी प्वाल्यू’ पुतळ्याच्या प्रती शेकडो गावांच्या स्मारकांवर उभ्या राहिल्या, आणि 12 मार्च 2008 रोजी 110 वर्षांचे लाझार पोंतिचेल्ली वारले, तेव्हा ‘शेवटचा प्वाल्यू’ गेला असेच सर्वत्र म्हटले गेले. ते जन्माने इटालियन होते.

म्हणून बातमी, स्मारक किंवा भाषण यांच्या अनुवादात ‘प्वाल्यू’ तसाच ठेवून एकदा अर्थ सांगावा; सैनिकांच्या आपसातल्या संवादात ‘गडी’ लिहावे.

पुरवणी प्रश्न : मग सरळ ‘शिपाई’ का नको?

उत्तर : चालेल, पण ‘पायदळातला’ हे विशेषण जोडूनच, कारण आजच्या वाचकाला नुसत्या ‘शिपाई’ शब्दाने कचेरीतला घंटी ऐकून येणारा माणूस आठवतो. गंमत अशी की त्याच माणसाला आपण ‘प्यून’ही म्हणतो, आणि तो शब्द ज्या पोर्तुगीज ‘पेआंव’वरून आला, त्याचा एक अर्थ पायदळातला सैनिक असाच आहे. बुद्धिबळातल्या प्याद्यालाही पोर्तुगीजांत तोच शब्द आहे, तर फ्रेंचांत त्याचाच भाऊबंद असलेला ‘प्यों’.