मगर-शार्दूल क्लासची जहाजं वाळूत तोंड खुपसतात, मग परत निघतात कशी?

बावळट_प्रश्न:
काल आयएनएस ऐरावतचा एक व्हिडिओ बघितला, म्हणजे रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं आपल्या नौदलाचं शार्दूल क्लासचं (एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांच्या गटातलं) जहाज. जहाज सरळ किनाऱ्यावरच चालून आलं, पुढचे दोन दरवाजे कपाटासारखे उघडले, रॅम्प खाली आला आणि रणगाडे धडाधड वाळूत. बघायला भारी, पण तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय की साडेपाच हजार टनांचं धूड मुद्दाम वाळूत घातल्यावर रुतून बसत नाही का? साधी होडी रुतली तरी दहा जण लागतात ढकलायला. दुसरं म्हणजे घरात वाद पेटलाय, मेव्हणे म्हणतात हे शंभर टक्के स्वदेशी, मी म्हणतो नाव तेवढं आपलं. जाणकारांनी निकाल लावा.

नांगरवाला:
रुततं की, रुतायलाच जातं ते! फक्त पुढून. तळ सपाट असतो, पुढचा भाग उथळ, पंखे मागे खोल पाण्यातच राहतात, आणि किनाऱ्याला लागायच्या आधी बॅलास्ट टाक्यांतलं (जहाजाचा तोल राखायला भरलेलं) पाणी खेळवून तोंड वर उचलून घेतात. पण खरी गंमत मागच्या नांगरात आहे. किनारा यायच्या बराच आधी मागून एक नांगर सोडतात, त्याची तार ढिली सोडत सोडत पुढे जायचं, माल उतरला की विंच (तार गुंडाळणारं यंत्र) लावून त्याच नांगराला धरून स्वतःला मागे खेचायचं, जोडीला इंजिन रिव्हर्स. शिवाय तोवर जहाज हलकंही झालेलं असतं. शार्दूल क्लासमध्ये ११ रणगाडे, १० ट्रक आणि ५०० जवान मावतात, एक टी-७२ चाळीस टनांच्या वर, म्हणजे नुसत्या रणगाड्यांचेच साडेचारशे टन खाली गेले. वेळही भरती चढत असतानाची धरतात, ओहोटीत लागलात तर पुढच्या भरतीपर्यंत बसा बोंबलत.

सपाट तळाची किंमत मात्र भर समुद्रात मोजावी लागते. एकदा अशाच एका जहाजातून आलोय, टँक डेकवर डिझेलचा वास कोंडलेला, गाड्या साखळ्यांनी जखडलेल्या, आणि जहाज कललं की सगळ्या साखळ्या एकदम करकरायच्या. दोन दिवस चहासुद्धा पोटात ठरला नाही.

पुळणवाला:
वर सगळं बरोबर, फक्त किनारा आधी नीट बघितलेला पाहिजे ही अट राहिली. वाळूचा दांडा पाण्याखाली आडवा असतो, जहाज त्यावर टेकतं, वाटतं आला किनारा, आणि दांड्याच्या पलीकडे परत खोल पाणी. डिसेंबर १९७१ च्या युद्धात कॉक्स बाजारला (तेव्हाचं पूर्व पाकिस्तान, आताचा बांगलादेश) हेच झालं. घडियाल आणि गुलदार ही तेव्हाची आपली लँडिंग जहाजं, गोरखा जवान पाठीवर पूर्ण सामान घेऊन उतरले ते खोल पाण्यात, काही जण बुडाले. शत्रूची एक गोळी नाही हो समोरून, नुसत्या वाळूने घात केला. बाकीच्यांना मग स्थानिक होड्यांतून किनाऱ्यावर नेलं.

घासलेट_इंजिन:
स्वदेशीच्या वादात दोघांनाही अर्धे अर्धे मार्क. आधीची मगर (१९८७) कलकत्त्याच्या गार्डन रीच या जहाजबांधणी कारखान्यात बांधली पण मूळ आराखडा ब्रिटिश सर लॅन्सलॉट जहाजावरून घेतलेला. तिची जोडीदार घडियाल, १९९७ ची (१९७१ वाली वेगळी, नाव तेवढं तेच), तिचा सांगाडा विशाखापट्टणमला हिंदुस्तान शिपयार्डने बनवला आणि पुढचं काम गार्डन रीचने केलं. मग त्याच मगरीत सुधारणा करून शार्दूल (२००७), केसरी (२००८), ऐरावत (२००९), तिन्ही गार्डन रीचच्या. इंजिनं किर्लोस्करांनी इथे बनवलेली, डिझाइन पील्स्टिक या फ्रेंच कंपनीचं. ३० मिमी तोफा मेडकच्या कारखान्यातल्या, पण तोफेचं मूळ रशियन. माझ्या मते तरीही हे स्वदेशीच, कारण आराखडा वाचून बदलता येणं आणि त्याच्यावरून पुढची तीन जहाजं काढणं हे विकत आणण्यापेक्षा फार वेगळं काम आहे. याच्याहून मोठी, पोटात पाणी भरून लहान बोटी सोडणारी जात मात्र आपण अजून बांधलेली नाही, जलाश्व आहे ती अमेरिकेकडून जुनी घेतलेली.

बावळट_प्रश्न:
नांगराचं आज कळलं, धन्यवाद. पण लढाई होत नाही तेव्हा ही जहाजं करतात काय? नुसती उभी?

नांगरवाला:
उभी कुठली! जास्त काम तर तेव्हाच. कोरोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, मगर मालदीवहून २०२ लोकांना घेऊन कोचीला आली, जूनमध्ये शार्दूलने इराणच्या बंदर अब्बासहून २३३ जण पोरबंदरला आणले. केसरी तर धान्य आणि औषधं घेऊन मालदीव, मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस असं ५५ दिवस फिरली. रणगाड्यांची जागा रिकामी केली की ते एक मोठं गोदामच आहे. मगर मे २०२३ मध्ये रिटायर झाली.

घासलेट_इंजिन:
आणि नावावरून स्वदेशी ठरवणाऱ्या मेव्हण्यांना एक सांगा, आयएनएस घोरपड नावाचं लँडिंग जहाज होतं आपल्याकडे. नाव अस्सल आपलं, जहाज पोलंडमध्ये बांधलेलं.

बावळट_प्रश्न:
सांगितलं. आता ते म्हणतात मी घोरपडीबद्दल बोललोच नव्हतो.