मदत हवी आहे: ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’, मराठीत दोन्ही ‘धोका’च लिहायचे का?

रसायनं हाताळणाऱ्या कामगारांसाठी लिहिलेली एक सुरक्षा-पुस्तिका मी इंग्रजीतून मराठीत आणते आहे. पहिल्याच प्रकरणात अडले आहे. मूळ वाक्य असं आहे: ‘आयडेंटिफाय द हॅझर्ड, असेस द रिस्क, कंट्रोल द रिस्क.’ शब्दकोशात दोन्ही शब्दांसमोर ‘धोका’ सापडतो. मग वाक्य होतं, ‘धोका ओळखा, धोक्याचं मूल्यमापन करा, धोका आटोक्यात ठेवा.’ वाचायला ठीक आहे, पण पहिली पायरी आणि नंतरच्या दोन पायऱ्या वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात हे त्यातून कुणालाही कळणार नाही.

माझी समज अशी आहे. हॅझर्ड म्हणजे इजा करण्याची क्षमता ज्यात आहे अशी वस्तू, पदार्थ किंवा परिस्थिती. रिस्क म्हणजे त्यातून प्रत्यक्षात कुणाला इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर ती किती गंभीर, या दोन्हींचा मिळून केलेला अंदाज. तीव्र सल्फ्युरिक आम्ल घट्ट बंद पिंपात असो की उघड्या टाकीत, कातडी जाळण्याचा त्याचा गुण तोच राहतो, म्हणजे हॅझर्ड तोच. उघड्या टाकीशेजारून दिवसभर माणसं ये-जा करत असतील तर रिस्क मोठी. पिंप कुलूपबंद खोलीत असेल आणि हाताळणारा शिकलेला असेल तर बरीच कमी.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पानोपानी नुसता ‘धोका’ वाचणारा माणूस एक तर सगळ्यालाच घाबरेल, नाही तर आठवड्याभरात कशालाच घाबरणार नाही. आपल्या हातात नेमकं काय आहे, कुठे काळजी घेतल्याने फरक पडतो, हे त्याला कळायला हवं. पुस्तिका त्यासाठीच आहे.

तर जाणकारांना विचारायचं आहे की माझी समज बरोबर आहे का, इंग्रजी बोलणारे लोक स्वतः हा फरक कितपत पाळतात, आणि मराठीत कोणते शब्द घ्यावेत. इंग्रजी शब्द तसेच ठेवायला माझी हरकत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते परके वाटतील.

प्रतिसाद १

समज बरोबर आहे. यंत्रसुरक्षेच्या ‘आयएसओ १२१००’ या मानकात रिस्कची व्याख्या जवळजवळ हीच आहे: इजा घडण्याची संभाव्यता आणि तिची तीव्रता यांचा मेळ. तीव्रता विसरू नका. पुष्कळ लोक रिस्कचं भाषांतर ‘शक्यता’ असं करून मोकळे होतात. कागदाने बोट कापण्याची शक्यता स्फोटाच्या शक्यतेपेक्षा कितीतरी जास्त असते, पण रिस्क कशाची मोठी धरायची हे सांगायला नको.

प्रतिसाद २

दोन शब्दांतला फरक पाळला नाही की काय होतं याचं बोलकं उदाहरण म्हणजे ॲस्पार्टेम, साखरेऐवजी शीतपेयांत वापरतात ते. १४ जुलै २०२३ ला त्यावर दोन निष्कर्ष एकाच दिवशी जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखालच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, त्याला ‘मानवात कर्करोगकारक असू शकेल’ अशा २ब गटात टाकलं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मात्र रोज चालणारी मर्यादा होती तीच ठेवली: शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम.

पुष्कळांना यात विसंगती दिसली. ती नव्हती. पहिल्या संस्थेचा प्रश्न होता, ‘या पदार्थात ती क्षमता आहे का, आणि पुरावा किती भक्कम आहे?’ हा हॅझर्डचा प्रश्न. समितीचा प्रश्न होता, ‘लोक ज्या प्रमाणात घेतात त्या प्रमाणात काय होईल?’ हा रिस्कचा. त्या वेळी दिलेल्या हिशोबानुसार एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असेल, तर ७० किलो वजनाच्या माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन प्यावे लागतील, आणि तेही दुसऱ्या कुठल्या अन्नातून ते पोटात जात नाही असं धरून.

आयएआरसीचे गट पुराव्याचा भक्कमपणा सांगतात, नुकसानाचा आकार सांगत नाहीत. प्रक्रिया केलेलं मांस २०१५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगकारक असल्याचा पुरेसा पुरावा असलेल्यांत गेलं. धूम्रपान त्याच गटात आहे. म्हणून दोन्ही सारखेच घातक, असा अर्थ कुणी काढला तर तो चूक आहे. मराठी बातमीत दोन्हीला ‘कर्करोगाचा धोका’ लिहिलं की वाचकाकडे हा फरक कळायला काही साधनच उरत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला.

प्रतिसाद ३

इंग्रजी वापराबद्दल.

रोजच्या बोलण्यात फरक सैल आहे. ‘फायर हॅझर्ड’ आणि ‘फायर रिस्क’ दोन्ही ऐकू येतात आणि बोलणाऱ्याला बहुधा एकच म्हणायचं असतं. तरी शब्दांच्या जोड्या बघितल्या तर स्वभाव वेगळे दिसतात. ‘टेक अ रिस्क’, ‘रन अ रिस्क’ म्हणतात, तिथे हॅझर्ड बसत नाही. ‘ॲट रिस्क’ माणसं असतात, म्हणजे ज्यांना इजा होऊ शकते ती. घातक कचऱ्याला ‘हॅझर्डस वेस्ट’ म्हणतात, ‘रिस्की’ म्हणत नाहीत. उलट पैसे गुंतवणं ‘रिस्की’ असतं. थोडक्यात, रिस्क माणूस घेतो, पत्करतो, टाळतो, दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. हॅझर्ड बाहेर असतो, माणसाने तो बघायचा असतो.

क्रियापद म्हणून रिस्क सर्रास चालतं. हॅझर्ड आता जवळपास ‘हॅझर्ड अ गेस’ एवढ्यातच उरलं आहे, म्हणजे चुकण्याची तयारी ठेवून अंदाज सांगणं. त्यात शब्दाचा जुना अर्थ डोकावतो. हॅझर्ड हे एके काळी फाशांच्या खेळाचं नाव होतं. म्हणजे नशिबाचा, शक्यतेचा भाग आधी याच शब्दात होता. विम्याच्या क्षेत्रातला ‘मॉरल हॅझर्ड’ तर आणखी वेगळा: नुकसान दुसरा भरणार हे माहीत असल्यामुळे माणूस निष्काळजी होतो, ती प्रवृत्ती. तिथे तुमची व्याख्या लावू नका.

प्रतिसाद ४

वरच्यात एक भर. वैद्यकीय संशोधनातला ‘हॅझर्ड रेशो’ही यात मिसळू नये. तिथे हॅझर्ड म्हणजे दर. ज्यांच्या बाबतीत ती घटना अजून घडलेली नाही, त्यांच्यात ती त्या क्षणी किती वेगाने घडते आहे, ते. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्रारूपामुळे तो शब्द सगळीकडे पोहोचला. पुस्तिकेत आला तर तसाच ठेवा.

प्रतिसाद ५

मी रसायनांच्या लेबलांचं काम करतो, म्हणून हे सांगतो. हा गोंधळ फक्त मराठीत नाही. युरोपात पूर्वी रसायनाच्या बाटलीवर ‘आर’ वाक्यं छापत, आर म्हणजे रिस्क. आर४५ चा अर्थ, कर्करोग होऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांची जीएचएस ही जागतिक वर्गीकरण पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात याच प्रकारच्या वाक्यांना ‘हॅझर्ड स्टेटमेंट’ म्हणतात. युरोपने ती पद्धत २००८ च्या नियमावलीने घेतली, २०१५ पासून मिश्रणांनाही लागू केली, आणि आर४५ च्या जागी एच३५० आलं. मजकूर जवळजवळ तोच राहिला, नाव मात्र बदललं.

आणि नवं नावच योग्य आहे. बाटली भरणाऱ्याला तुम्ही ती कुठे, कशी, किती वेळ उघडणार हे माहीत नसतं. त्यामुळे बाटलीवर फक्त हॅझर्ड छापता येतो. रिस्क ठरते ती वापरण्याच्या जागी. तुमच्या पुस्तिकेत लेबल वाचण्याचं प्रकरण असेल तर तिथे रिस्कसाठी वापरतात तो ‘जोखीम’ हा शब्द येऊ देऊ नका.

तुमच्या एका वाक्यावर आक्षेप मात्र आहे. हॅझर्ड तोच राहतो, हे बंद पिंपाच्या बाबतीत खरं, पण नेहमी नाही. तो पदार्थ वापरायचाच नाही किंवा त्याऐवजी सौम्य पदार्थ घ्यायचा, हे सुरक्षेचे पहिले दोन उपाय, आणि ते थेट हॅझर्डवरच चालतात. मग यंत्राला आच्छादन, वायुवीजन वगैरे. मग कामाच्या पद्धतीचे नियम. हातमोजे आणि चष्मा सगळ्यात शेवटी. हा क्रम पुस्तिकेत ठळक यायला हवा. नाहीतर ‘आम्ल आहे तसंच राहणार, तू मोजे घाल’ असा अर्थ निघतो आणि सगळा भार कामगारावर पडतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आक्षेप पटला. दुसऱ्या प्रकरणात उपायांचा क्रम आहेच, तिथे कोणता उपाय मूळ गोष्टीवर चालतो आणि कोणता इजेच्या शक्यतेवर, हे मी वेगळं दाखवीन.

शब्दांचा प्रश्न मात्र अजून सुटत नाही. हॅझर्ड म्हणजे ‘धोका’ आणि रिस्क म्हणजे ‘जोखीम’ अशी वाटणी करावी असं मनात आहे. पण ‘जोखीम’ बोलीत जबाबदारी म्हणूनही येतो. ‘जोखमीचं काम’ म्हणजे जबाबदारीने करायचं काम. जवळच्या मौल्यवान वस्तूलाही जोखीम म्हणतात. ‘जोखीम ठरवा’ वाचून कुणी ‘जबाबदारी कुणाची ते ठरवा’ असं समजलं तर?

प्रतिसाद ६

मी आपत्ती व्यवस्थापनाच्या बाजूने बोलते. तिथे ‘जोखीम’ बऱ्यापैकी रुळला आहे. निर्जन वाळवंटात मोठा भूकंप होऊ शकत असेल तर हॅझर्ड मोठा, रिस्क नगण्य. तिथे वस्ती झाली की रिस्क वाढते, घरं कच्ची असली की आणखी वाढते. आपत्तींबद्दलच्या, २०१५ ते २०३० साठीच्या सेंदाई या आंतरराष्ट्रीय आराखड्याच्या नावातही ‘रिस्क रिडक्शन’ आहे. भूकंप कमी करता येत नाही, त्याने होणारी हानी कमी करता येते.

जबाबदारीचा अर्थ निघेल ही भीती रास्त आहे, पण तो अर्थ ‘जोखमीचं काम’, ‘जोखमीनं सांभाळ’ अशा ठिकाणी येतो. ‘जोखीम कमी करा’ म्हटल्यावर सहसा गोंधळ होत नाही. एकदा व्याख्या द्या आणि पुढे ‘वाढते, घटते, पत्करतो’ हीच क्रियापदं वापरा. शब्दापेक्षा क्रियापदच वाचणाऱ्याला अर्थाकडे नेईल. धोका मात्र ‘कमी करा’ असं पुस्तिकेत कुठेही लिहू नका. धोका ‘ओळखा’, ‘दूर करा’ किंवा ‘बदला’.

प्रतिसाद ७

सहमत. शिवाय ते मुख्य वाक्य नामांत अडकवायची गरज नाही. सरळ असं लिहा:

‘कशाने इजा होऊ शकते ते शोधा. ती होण्याची शक्यता किती आणि झाली तर किती गंभीर, ते ठरवा. मग शक्य असेल तर ती गोष्टच काढून टाका, नसेल तर इजा होणार नाही अशी व्यवस्था करा.’

इंग्रजीपेक्षा लांब आहे, पण तिसऱ्या वाक्यात काय करायचं ते कळतं. मूळ वाक्यात तेही नाही.

धागाकर्ती

हे वाक्य घेते. खाली ‘यातल्या पहिल्या गोष्टीला या पुस्तिकेत धोका म्हटलं आहे, दुसरीला जोखीम’ अशी ओळ टाकीन. प्रतिसाद ६ मधला क्रियापदांचा नियम माझ्या टिपणवहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

एकच बारीक प्रश्न उरला. शेवटी प्रत्येक कामासाठी भरायचा तक्ता आहे, त्यात ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ असे दोन अरुंद रकाने आहेत. वरचं लांब वाक्य तिथे मावणार नाही, आणि तक्ता भरणाऱ्याने पहिलं पान वाचलेलंच असेल असं धरता येत नाही.

प्रतिसाद ५

रकान्याच्या डोक्यावर प्रश्न लिहा. पहिल्यात ‘इजा कशाने?’, दुसऱ्याचे दोन भाग करून ‘होईल का?’ आणि ‘किती मोठी?’. आमच्याकडे तक्ते तपासताना मी बघितलं आहे की पहिल्या रकान्यात लोक ‘भाजणे’, ‘घसरून पडणे’ असं लिहितात. तो परिणाम झाला. तिथे ‘गरम वाफेची नळी’, ‘जमिनीवर सांडलेलं तेल’ यायला हवं. ‘कशाने’ असं विचारलं की उत्तर आपोआप वस्तूचं येतं. तक्त्यातली पहिली ओळ उदाहरण म्हणून भरूनच छापा.