एकाच बॉक्समधून प्रत्येक टीव्हीवर वेगळं चित्र : याचं पेटंट होईल का? (सांगली)

मंडपवाला_मिरजरोड

पेटंटमधलं कुणाला कळत असेल तर जरा सांगा, मला जो तो वेगळंच सांगतोय.

माझा एलईडी वॉल आणि लाईव्ह शूटिंगचा धंदा आहे, सांगली-मिरज रोडची कार्यालयं, तासगाव, पलूस, कधी जयसिंगपूरपर्यंत. आता लग्नात स्टेजमागं नुसती एक वॉल लावून भागत नाही, जेवणाच्या हॉलमध्ये दोन टीव्ही पाहिजेत, वरपक्षाच्या खोलीत एक, गेटवर स्वागताचा एक, शिवाय बाहेरगावचे पाहुणे मोबाईलवर बघणार ते वेगळेच. आणि सगळ्यांना एकच नको असतंय. जेवणाच्या हॉलमध्ये कॅमेरा पण खाली पुढच्या पंगतीची पाटी, गेटवर नवरा-नवरीचे फोटो, वरच्या खोलीत आजीला नुसतं बोहलं दाखवा. पूर्वी याला स्प्लिटर, तीन लॅपटॉप आणि दोन-अडीचशे मीटर केबल लागायची आणि एक पोरगं नुसतं पळत असायचं.

मी आणि माझ्या भाच्यानं (इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे) एक बॉक्स केलाय. टॅबवर बोट फिरवलं की कुठल्या टीव्हीला काय जाणार ते ठरतं, सगळं वाय-फायवर. पण खरा डोक्याला ताप वेगळाच होता. स्पीकर वायरनं जोडलेले, आवाज लगेच पोचतो, चित्र मात्र वाय-फायनं दीड-दोन सेकंद मागून येतंय. पहिल्याच लग्नात बसायला जागा नाही म्हणून जेवणाच्या हॉलमध्ये थांबलेल्या लोकांनी स्पीकरवर 'सावधान' ऐकून अक्षता टाकल्या आणि टीव्हीत बघतायत तर अंतरपाट अजून धरलेलाच, मग टीव्हीतला अंतरपाट निघाला तेव्हा अर्ध्या बायकांनी परत टाकल्या. मुलीचा मामा माझ्याकडं असा बघत होता की विचारू नका.

तर आता बॉक्स काय करतो, टीव्हीच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन चमकवतो, तिथं चिकटवलेला छोटा सेन्सर तो पकडतो, त्यावरनं या टीव्हीला किती उशीर होतोय ते कळतं, आणि त्या हॉलचा आवाज तेवढाच मागं धरतो. दुसरं म्हणजे सहाशे माणसं मोबाईल घेऊन आत आली की वाय-फाय बसतं, तेव्हा बॉक्स पाटी आणि फोटोवाल्या टीव्हींना आधीच साठवलेलं दाखवायला लावतो, ती वाचलेली जागा कॅमेऱ्याच्या चित्राला देतो, आणि त्यामुळं उशीर बदलला की आवाज आपोआप परत जुळवून घेतो.

एक कन्सल्टंट ४५ हजारात 'गॅरंटीनं पेटंट' म्हणतोय. त्यानं मसुदा पण पाठवलाय, एकूण अर्थ असा की वेगवेगळा मीडिया एकाच वेळी अनेक डिव्हाइसना पाठवायची सिस्टीम. मेव्हणा म्हणतो भारतात सॉफ्टवेअरला पेटंटच नाही. कुणाचं खरं?

केबलकाका_विश्रामबाग

भावा रागावू नकोस पण यात नवीन काय? नव्वदच्या दशकात आम्ही गच्चीवर डिश लावून शंभर घरांत एकाच वायरनं सगळे चॅनेल सोडत होतो, या घरात बातम्या, त्या घरात पिक्चर. एकाच वेळी, वेगवेगळ्या टीव्हीवर, वेगवेगळं. मी पेटंट घ्यायला पाहिजे होतं व्हय?

ॲपलचं एअरप्ले २०१० चं, गुगलचं क्रोमकास्ट २०१३ चं. विमानात बसलास तर प्रत्येक सीटला वेगळा पिक्चर चालू असतोय. अक्षतांची गोष्ट मात्र भारी.

आवरासावरा

मेव्हणा बरोबर बोलतोय. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट नाही. नवीन हार्डवेअर असेल तरच मिळतं, तुमचा बॉक्स म्हणजे बाजारातलाच बोर्ड असणार. विषय संपला.

कलम_तीन

विषय एवढ्यात संपत नाही. मी मूळची सांगलीची, पुण्यात पेटंटचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मेव्हण्यांचं. पेटंट कायदा १९७० चा, त्यातल्या कलम ३ के मध्ये गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि 'कॉम्प्युटर प्रोग्राम पर से' वगळलेत. ते 'पर से' दोन शब्द २००२ च्या दुरुस्तीत आले आणि सगळं भांडण तिथंच आहे. पर से म्हणजे नुसता प्रोग्राम, प्रोग्राम म्हणून. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं फेरीद अलानी खटल्यात सांगितलं की त्यातून तांत्रिक परिणाम होत असेल, तांत्रिक भर पडत असेल, तर केवळ प्रोग्रामवर आधारलेलं आहे म्हणून पेटंट नाकारता येत नाही. हार्डवेअर नवीनच पाहिजे ही अट पेटंट ऑफिसच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये होती, २०१७ मध्ये काढून टाकली. त्यामुळं आवरासावरा, तुम्ही म्हणताय ते जुनं झालं.

आता केबलकाकांचं. काका नेमकं बोललेत, पेटंट ऑफिसातला परीक्षक अगदी हेच बोलणार, फक्त कायद्याच्या भाषेत. माहीत असलेल्या वस्तू शेजारी-शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपलं जुनंच काम करतेय, तर कलम ३ एफ. पाटीवर काय दाखवायचं, फोटो कुठं, तर माहितीची मांडणी, कलम ३ एन. आणि अनेक स्क्रीनना वेगवेगळं पाठवणं हे तर नवीनच नाही, नेटवर्कवर एक प्रवाह अनेकांना पाठवायच्या आयपी मल्टिकास्टचं मानक १९८९ चं आहे.

दादा, तुमच्या कन्सल्टंटनं जे लिहिलंय तसल्या दाव्याचं (दावा म्हणजे अर्जात 'एवढं माझं' म्हणून जे मागतो ते) अमेरिकेत काय झालं ते सांगते. टू-वे मीडिया विरुद्ध कॉमकास्ट, २०१७, फेडरल सर्किट कोर्ट. दाव्यात होतं की ऑडिओ-व्हिडिओचे प्रवाह पॅकेटमध्ये बदलायचे, युजरकडं राउट करायचे, कुणाला पोचलं ते बघायचं. कोर्ट म्हणालं बदलायचं, पाठवायचं, बघायचं हे सगळं ठीक, पण कसं ते दाव्यात कुठंय? पेटंट उडालं. त्याच्या आदल्या वर्षी ॲफिनिटी लॅब्ज विरुद्ध डायरेक्टटीव्ही मध्ये असंच, आपल्या भागातलं प्रसारण भागाबाहेर मोबाईलवर दाखवायचं, तेही अमूर्त कल्पना म्हणून गेलं. हे निकाल आपल्या पेटंट ऑफिसला बांधील नाहीत, पण प्रश्न तोच येतो.

आणि उलटं उदाहरण पण बघा. सोनोस ही स्पीकरवाली कंपनी, अनेक खोल्यांतले स्पीकर एकमेकांशी कसे जुळवायचे, गटाचा आवाज एकदम कसा कमी-जास्त करायचा असल्या बारक्या-बारक्या गोष्टींची पेटंटं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं गुगलनं त्यातली पाच मोडली असा निकाल दिला आणि गुगलला आपल्या स्पीकरचं ग्रुप व्हॉल्यूम बदलावं लागलं. अनेक खोल्यांत गाणी वाजवणं ही कल्पना काही सोनोसची नव्हती, बारकावे त्यांचे होते.

तुमच्या पोस्टमध्ये पहिले दोन परिच्छेद वाचून मी पुढं जाणार होते, पण सेन्सर आणि वाय-फाय बसल्यावर काय होतं ते वाचून थांबले. 'कुठल्या टीव्हीला काय' हा दावा विसरा. उशीर मोजणं आणि आवाज जुळवणं नुसतंही जुनं निघेल, लिप-सिंक, म्हणजे ओठ आणि आवाज जुळवणं, हा खूप चघळलेला विषय आहे. पण गर्दीमुळं जागा कमी पडली की काही स्क्रीन साठवलेल्यावर टाकणं, त्यातून बदललेला उशीर परत मोजणं आणि त्या-त्या हॉलचा आवाज चालू कार्यक्रमात सरकवणं, ही साखळी तपासून बघण्यासारखी आहे. मिळेलच म्हणत नाही. आधी शोध घ्या, गुगल पेटंट्सवर आणि आपल्या पेटंट ऑफिसच्या इनपास साइटवर, एच०४एन २१ हा पेटंटचा वर्ग टाकून. दोन रविवार जातील, जाऊ देत.

फाउंड्रीवाला_सातारा

गॅरंटी शब्द ऐकला की उठून चालायला लागा. मी सातारा एमआयडीसीत असतो, आमच्या एका फिक्श्चरसाठी असाच एक भेटलेला, नाव घेत नाही. पैसे घेतले, पंधरा दिवसांत रंगीत कागद पाठवला, वर अशोकस्तंभ, खाली नंबर. आम्ही तो फ्रेम करून ऑफिसात लावला, पेढे वाटले. वर्ष-सव्वा वर्षानं दुसऱ्या एकाला दाखवला तर तो म्हणाला साहेब हा नुसता अर्जाचा नंबर आहे, आणि तोही प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता. बारा महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायचं असतंय, ते त्यानं दिलंच नाही, अर्ज मेला. फोन तर उचलतच नव्हता. फ्रेम अजून आहे, मागच्या बाजूला उलटी करून कॅलेंडर लावलंय.

सरकारी फी खरी बघा, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्ज १६०० रुपये, तपासणीची विनंती ४०००. बाकीचं सगळं लिहिणाऱ्याच्या हुशारीचे पैसे, ते द्यावेतच, पण माणूस बघून.

मंडपवाला_मिरजरोड

ताई लय उपकार. फाउंड्रीवाले दादा, तुमच्या फ्रेमवर हसू की रडू कळंना.

आता एक कबूल करतो. चार महिन्यांपूर्वी यूट्यूबवर व्हिडिओ टाकलाय, चार टीव्ही एकदम चालू आहेत असा. बॉक्स बंदच होता, आतलं काही दाखवलं नाही. पण खाली एकानं विचारलं की आवाज कसा जुळवला, तर मी जोशात सगळं लिहिलं, पांढरा चौकोन, सेन्सर, उशीर मोजून स्पीकर मागं धरणं. आणि तीन लग्नांत पैसे घेऊन वापरलाय. आत्ता कमेंट डिलीट केली तर चालंल का?

कलम_तीन

हे आधी सांगायचं ना दादा.

कमेंट डिलीट करून झालेलं मागं जात नाही, कुणी स्क्रीनशॉट ठेवला असेल तर संपलं. अमेरिकेत स्वतःच उघड केलं तर वर्षभराची सवलत आहे, आपल्याकडं तशी सरसकट नाही. ठरावीक सरकारी प्रदर्शन, विद्वत्सभेतला पेपर, गरजेपुरती उघड चाचणी अशा मोजक्या बाबतीतच वर्ष मिळतं, यूट्यूबची कमेंट त्यात बसायची नाही. व्हिडिओ बाहेरून बघून आतलं कळत नसेल तर त्याची मला तेवढी भीती नाही. पण युक्तीतला सेन्सरवाला अर्धा भाग हातचा गेला असंच धरून चला, आणि दावा वाय-फाय बसल्यावरच्या साखळीवर बांधा, ती कमेंटमध्ये लिहिली नाही ना? लग्नांचं तुमचा अर्ज लिहिणाऱ्या पेटंट एजंटला तारखांसकट सांगा, लपवू नका. भारतात उघडपणे आधीच वापरलं होतं या कारणावर कुणीही विरोध दाखल करू शकतो, तुमच्या धंद्यातला शेजारीसुद्धा.

आणि भाच्याचं काय? शेवटच्या वर्षाला आहे म्हणालात. हाच प्रोजेक्ट आहे का त्याचा? रिपोर्ट कॉलेजच्या लायब्ररीत गेला की तेही उघड झालं. शोधक म्हणून त्याचं नाव अर्जात घालावंच लागेल, आणि कॉलेजची लॅब वापरली असेल तर कॉलेजचा हक्क निघतो का तेही विचारून घ्या.

केबलकाका_विश्रामबाग

पेटंट नाही झालं तर छोटं काहीतरी मिळतं म्हणे, चीनमध्ये असतंय तसलं.

कलम_तीन

युटिलिटी मॉडेल म्हणताय, ते भारतात नाही काका. बॉक्सचं बाहेरचं रूप वेगळं असेल तर डिझाइन नोंदवता येतं, दहा वर्षं, वर पाच वाढवून. आणि कोडचा कॉपीराइट लिहिल्या क्षणीच असतो, त्याला कुणाला ४५ हजार द्यायला नकोत. पण कॉपीराइटनं कुणी तुमचा कोड उचलला तर अडवता येतं, तीच युक्ती स्वतः नव्यानं लिहिली तर नाही.

मंडपवाला_मिरजरोड

भाच्याला फोन केला. प्रोजेक्ट हाच आहे. सेमिनार १८ तारखेला, पीपीटी झालीय पण गाइड सरांना अजून पाठवली नाही, आणि त्यात ती वाय-फायवाली आकृती तिसऱ्याच स्लाइडला आहे म्हणतोय. लॅब वापरली नाही, सगळं माझ्या गोडाऊनमध्ये केलंय. साखळीचं कमेंटमध्ये नाही, दोनदा वाचून बघितलं.

मग आता प्रोव्हिजनल १८ च्या आत टाकायचं का सेमिनार पुढं ढकलायला सांगू? आणि मुंबईला अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात जावं लागतंय का त्याला? तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू, मला एक दिवस सुटणार नाही.

कलम_तीन

आपण मुंबई ऑफिसच्या हद्दीत, पण अर्ज ऑनलाइन होतो, पुढची सुनावणीसुद्धा व्हिडिओवर. जायचं काम नाही.

प्रोव्हिजनल १८ च्या आत. पण घाईत एका पानाचं टाकू नका, प्रोव्हिजनलमध्ये जे नाही त्याला ती तारीख मिळत नाही. साखळी पायरी-पायरीनं लिहा, किती उशीर झाल्यावर काय होतं ते आकड्यांसकट, तिसऱ्या स्लाइडची आकृती आत घाला. मग बारा महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, आणि तपासणीची विनंती पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत, २०२४ च्या मार्चमध्ये नियम बदलले तेव्हा ४८ चे ३१ झालेत, जुने लेख वाचून गाफील राहू नका. अर्जाचा नंबर हातात येईपर्यंत पीपीटी कुणाला मेल करायची नाही, गाइड सरांनासुद्धा.

केबलकाका_विश्रामबाग

डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे, तुझा बॉक्स लाव. अक्षता एकदाच पडल्या पाहिजेत.

मंडपवाला_मिरजरोड

लावतो काका, १८ नंतर. तारीख आणि कार्यालय मेसेज करा, तिथलं वाय-फाय आधी एकदा बघून येतो.