गुणस्थान : यातला 'गुण' कुठला, आणि 'पायरी' म्हणावं का?

मुद्रितशोधक :
एका जैन स्मरणिकेची मुद्रितं तपासतेय. लेखात म्हटलंय, 'आत्म्याच्या मोक्षमार्गावरील चौदा पायऱ्या म्हणजे चौदा गुणस्थाने', आणि लगेच खाली पहिल्या पायरीचं नाव 'मिथ्यात्व', म्हणजे चुकीची श्रद्धा. गुणांच्या यादीत मिथ्यात्व कसं काय? शिवाय दुसऱ्या गुणस्थानाला एका पानावर 'सासादन' आणि दुसऱ्या पानावर 'सास्वादन' छापलंय. कुठलं ठेवू?

हातकणंगलेकर :
ताई, मिथ्यात्व बरोबर आहे, ते काढू नका. 'गुण' म्हटलं की आपल्याला सद्गुण नाहीतर परीक्षेतले गुण आठवतात, म्हणून अडखळायला होतं. पण मराठीतला गुण नेहमी चांगलाच असतो असं कुठे आहे? 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' यातला गुण काही कौतुकाचा नाही. 'काय गुण उधळलेत बघा' हे तर आपण रोज ऐकतो.

गोम्मटसार या जुन्या दिगंबर ग्रंथाच्या जीवकांडात व्याख्या अशी येते : कर्माचा उदय (फळ देणं), उपशम (दबणं), क्षय (संपणं), क्षयोपशम (काही संपणं, काही दबणं) यांमुळे जीवाचे जे भाव होतात आणि ज्यांच्यावरून जीव ओळखता येतो, त्यांना 'गुण' ही संज्ञा. म्हणजे गुण = त्या वेळचा परिणाम, आतली स्थिती. त्यातही मुख्य हिशेब मोहनीय, म्हणजे श्रद्धा आणि आचरण बिघडवणाऱ्या, कर्माचा. मोह किती दाटलाय, किती दबलाय, किती संपलाय, यावर पहिली बारा ठरतात. तेरावं आणि चौदावं योगावर, म्हणजे मन, वचन, काया यांच्या हालचालीवर.

बोरूबहाद्दर :
भर घालतो. हा शब्द सगळ्या जुन्या ग्रंथांत याच रूपात नाही. समवायांग या श्वेतांबर आगमात चौदा 'जीवस्थानं' येतात, षट्खंडागम या दिगंबर ग्रंथात 'जीवसमास'. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सम्यग्दृष्टी, श्रावक, विरत पासून जिनापर्यंत दहा अवस्थांची चढती ओळ आहे, पण तिथे गुणस्थान हा शब्दच नाही. त्यामुळे 'जीवाची स्थानं' असा अर्थ धरला तर मिथ्यात्व खुपत नाही.

जाता जाता : षट्खंडागमावरची धवला टीका इतकी शतकं मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर होती. तिचा पहिला भाग हिंदी अनुवादासह छापून आला तो 1939 साली, अमरावतीहून, हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली. आणि गोम्मटसार नेमिचंद्रांनी ज्या चामुंडरायासाठी रचला (गोम्मट हे त्याचंच नाव), तो आपल्या श्रवणबेळगोळच्या 'श्रीचावुण्डराजें करवियलें' शिलालेखातला चामुंडराय. पहिला मराठी शिलालेख कोणता, हा वाद इथे नको.

हातकणंगलेकर :
वाद नको म्हणायचं आणि काडी टाकायची! असो. मला 'पायऱ्या' या शब्दाबद्दल बोलायचंय. तो प्रवचनात खपून जातो, पण छापील लेखात मी नक्की बदलेन. पायरी म्हटली की एकीवर पाय ठेवून दुसरी गाठायची. इथे तसा हिशेब जुळत नाही.

अनादिकाळापासून मिथ्यात्वात असलेला जीव पहिल्यातून निघतो तो दुसऱ्यात जातच नाही, एकदम चौथ्यात. म्हणजे अविरत सम्यग्दृष्टी : श्रद्धा खरी, पण व्रत एकही नाही. कुणी थेट पाचव्यात, कुणी सातव्यातही जातो. दुसरं लागतं ते फक्त वरून घसरताना. गोम्मटसाराच्या शब्दांत, सम्यक्त्वरूपी (म्हणजे खऱ्या श्रद्धेच्या) रत्नपर्वताच्या शिखरावरून सुटलाय आणि मिथ्यात्वाच्या जमिनीला अजून टेकलेला नाही. जास्तीत जास्त सहा आवली, म्हणजे डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ नाही. याला चढायची दुसरी पायरी कसं म्हणणार?

सहाव्याचंही तेच. मुनीला आधी सातवं, अप्रमत्त, मिळतं आणि तिथून तो सहाव्यात येतो. मग अंतर्मुहूर्ता-अंतर्मुहूर्ताने (म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत) सहा-सात, सहा-सात अशी ये-जा. (इथला 'प्रमत्त' म्हणजे माजलेला नव्हे बरं का. सगळं सोडलेला साधूच तो, फक्त सावधपणात किंचित ढिलाई.)

आणि अकरावं तर मोक्षाला जाणाऱ्याला त्या चढणीत लागतच नाही. आठव्यापासून दोन श्रेणी फुटतात. उपशम श्रेणीवाला मोह दाबत दाबत आठ, नऊ, दहा, अकरा असा जातो आणि अकराव्यातून खाली येतोच, सुटका नाही. क्षपक श्रेणीवाला मोहाचा क्षय करत दहाव्यातून थेट बाराव्यात. गोम्मटसारातले दाखलेच बघा : अकराव्यात निवळीचं बी फिरवलेलं पाणी, गाळ तळाशी बसलाय पण आहे. बाराव्यात स्फटिकाच्या भांड्यातलं निर्मळ पाणी, त्यात गाळच नाही.

मुद्रितशोधक :
हे वाचून 'अवस्था' करते. पण लेखकाचा 'आत्मिक विकास' तरी राहू द्यावा ना?

हातकणंगलेकर :
राहू द्या, फक्त विकास म्हणजे चांगलं आचरण असं वाचकाला वाटू नये. मगधाचा राजा श्रेणिक आमच्या पुराणांप्रमाणे आज नरकात आहे आणि तरीही चौथ्या गुणस्थानात, क्षायिक, म्हणजे पुन्हा न जाणाऱ्या, सम्यक्त्वासह. पुढच्या चोवीस तीर्थंकरांतला पहिला तोच. उलट, काटेकोर व्रतं पाळणारा माणूस दृष्टी चुकीची असेल तर पहिल्यातच.

पुणेरी श्रावक :
सासादन-सास्वादनचं राहिलंच. दोन्ही शुद्ध. दिगंबर ग्रंथांत 'सासादन', आसादन म्हणजे विराधना (सम्यक्त्वाला धक्का), तिच्यासह असलेलं. आम्हा श्वेतांबरांत 'सास्वादन' : खीर ओकून पडली तरी जिभेवर चव रेंगाळते, तसा सम्यक्त्वाचा आस्वाद उरलेला. लेखक ज्या परंपरेचा, ते रूप सगळीकडे ठेवा. बोलताना मात्र आमच्या घरी 'गुणठाणं'च म्हणतात, 'चौथ्या गुणठाण्याला' वगैरे. तिसऱ्याला, मिश्राला (खरी-खोटी श्रद्धा एकत्र), दही-गुळाचा दाखला देतात, एकदा कालवलं की वेगळं काढता येत नाही, तो तर सगळ्यांच्या तोंडी आहे.

मुद्रितशोधक :
लेखक दिगंबर आहेत, 'सासादन' केलं. शेवटचं विचारते : चौदाव्याला टंकलेखकाने 'अयोग्य केवली' केलंय. 'अयोगी' हवं ना? आणि योगी नसलेला केवली, म्हणजे केवलज्ञान झालेला, हे तरी कसं?

बोरूबहाद्दर :
'अयोग्य केवली' जपून ठेवा, दिवाळी अंकाला विनोद झाला! 'अयोगकेवली' किंवा 'अयोगी केवली', दोन्ही चालतं. इथला योग पतंजलीचा नाही. मन, वचन, काया यांच्या हालचालीने आत्मप्रदेशांत होणारं स्पंदन म्हणजे योग. तेराव्यात केवलज्ञान झालंय पण ते स्पंदन आहे, विहार आहे, उपदेश आहे, म्हणून सयोग. चौदाव्यात तेही थांबतं. अवधी किती, तर अ, इ, उ, ऋ, लृ हे पाच ऱ्हस्व स्वर उच्चारायला लागतो तेवढा.

आणि एक बघा, लेखात कुठे 'चौदावे गुणस्थान म्हणजे मोक्ष' असं वाक्य असेल तर खूण करून लेखकाला परत पाठवा. चौदाव्यातही चार अघाती (आयुष्य, शरीर वगैरे ठरवणारी) कर्मं शिल्लक असतात, ती शेवटी गळतात. सिद्ध झालेल्या जीवाला कुठलंच गुणस्थान नसतं.

मुद्रितशोधक :
आहे. पान सातवर, ठळक अक्षरांत.