शब्दचर्चा : ड्रायव्हरच्या कोडमधील 'स्थिरांक' आणि 'मास्क'

विचारणा : सी भाषेत हार्डवेअरचा ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) लिहिताना हॅश-डिफाइनने (मूल्याला नाव देणाऱ्या सूचनेने) जी नावे ठरवली जातात, त्यांना मराठीत 'स्थिरांक' म्हणणे योग्य ठरेल का? तसेच 'मास्क'साठी, म्हणजे संख्येतील हवे तेवढेच बिट निवडणाऱ्या आकड्यासाठी, 'मुखवटा' चालेल का?

प्रतिसाद १ : 'गुरुत्व स्थिरांक' या प्रयोगात हा शब्द चपखल बसतो, कारण तेथे अंकालाच अर्थ असतो. ८२५० जातीच्या सिरियल (एकापाठोपाठ एक बिट पाठवणाऱ्या) चिपमध्ये मात्र, पुढचा बाइट स्वीकारायला जागा रिकामी झाली आहे हे लाइन स्टेटस रजिस्टरमधील (चिपची स्थिती दाखवणाऱ्या छोट्या साठवणजागेतील), शून्यापासून मोजल्यास पाचवा, बिट सांगतो. तो षोडशमान (सोळाच्या पायावरील) २० असा लिहिला, तर वाचणाऱ्याला आधी ३२ आणि मग पाचवे घर असा हिशेब मनातल्या मनात करावा लागतो. 'बिट(५)', म्हणजे पाच घरे डावीकडे सरकवलेला १, असे लिहिले की घर थेट दिसते. शाळेत शिकलेला दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत हा भेद येथे कामी येतो. बिटाची दर्शनी किंमत शून्य किंवा एक एवढीच असल्याने सारा अर्थ स्थानात साठतो, म्हणून अशा नावाला मी 'स्थानखूण' म्हणेन. (लिनक्सच्या हेडर फाइलमध्ये मात्र षोडशमान २० हेच लिहिलेले आहे आणि शेजारच्या टिपणीवर ते निभावते.)

प्रतिसाद २ : 'स्थानखूण' आवडला, पण तो सरसकट लावता येणार नाही. त्याच चिपच्या लाइन कंट्रोल रजिस्टरमधील खालचे दोन बिट मिळून अक्षराची लांबी सांगतात : ० म्हणजे ५ बिट, ३ म्हणजे ८ बिट. हा ३ म्हणजे दोन सुट्या खुणांची बेरीज नसून एक अखंड मूल्य आहे. त्यामुळे तो 'बिट(१) किंवा बिट(०)' असा, म्हणजे दोन खुणा एकत्र जोडून, लिहिणे दिशाभूल करणारे ठरते. तेथे जागेसाठी 'जेनमास्क(१, ०)' (घर १ ते घर ० निवडणारा मास्क) आणि मूल्यासाठी 'लांबी_८' अशी दोन वेगळी नावे असावीत, आणि त्यांपैकी दुसऱ्याला 'स्थिरांक'च शोभतो.

'मुखवटा' मला पटत नाही, कारण मुखवटा खरा चेहरा लपवतो, तर मास्कमध्ये जेथे एक असतो तेथील मूळ बिट जसाच्या तसा दिसतो. अर्थाने 'चाळण' जवळची आहे, पण बोलताना सगळे 'मास्क'च म्हणतात, तोच ठेवावा.

प्रतिसाद १ : मान्य. एक पुस्ती जोडतो : एकतिसाव्या घराची खूण करताना साधा १ सरकवू नये, कारण ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ते घर चिन्हाचे असते आणि सी भाषेच्या नियमांनुसार तशा सरकवण्याचा परिणाम निश्चित नसतो. लिनक्समधील 'बिट' मॅक्रो चिन्हरहित १ वापरतो, तो याचसाठी.