ऑबर्नडेल स्थानकाचा इतिहास: पाडलेल्या इमारतीचा की उरलेल्या फलाटाचा?

धागालेखक

बॉस्टनच्या पश्चिमेस न्यूटन हे शहर आहे आणि ऑबर्नडेल हा त्याचाच एक भाग. तेथील स्थानकाची इमारत बॉस्टन अँड अल्बनी रेल्वेने १८८१ साली हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांच्याकडून बांधून घेतली. चारच वर्षांपूर्वी बॉस्टनचे ट्रिनिटी चर्च पूर्ण करून देशभर नावाजलेला हा वास्तुविशारद, सकाळी कचेरीत जाणारी मंडळी जेथे जेमतेम काही मिनिटे थांबत अशा जागेसाठीही तितक्याच मनापासून काम करतो, याचे मला फार अप्रूप वाटते. खडबडीत दगडाच्या ठेंगण्या भिंती, त्यांच्या कितीतरी पुढे आलेले उतरते छप्पर आणि भोवती उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी आखलेला परिसर, असे ते स्थानक होते. रेल्वेचे एक संचालक जेम्स रमरिल हे रिचर्डसन यांचे हार्वर्डमधील सहाध्यायी होते, त्यामुळे या कामांमागे ओळखीचा भाग असणारच. पण ओळखीने काम मिळते, छप्पर चांगले होत नाही.

१९६०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स टर्नपाइक हा टोल आकारणारा द्रुतगती मार्ग बॉस्टनपर्यंत नेताना ही इमारत पाडण्यात आली. माझे मत असे की त्या दिवशी ऑबर्नडेलच्या स्थानकाचा इतिहास संपला आणि उरला तो केवळ थांबा. आपल्याला काय वाटते?

प्रतिसाद १

साफ असहमत. आपण स्थानकाचा नव्हे, तर एका छपराचा इतिहास लिहिला आहे. न्यूटनमध्ये रेल्वे आली ती १८३४ साली, म्हणजे रिचर्डसन यांच्या जन्माच्याही चार वर्षे आधी, आणि ती आली म्हणूनच बॉस्टनमध्ये नोकरी करून येथे घर करणे शक्य झाले. त्या साऱ्या काळाला आपल्या लेखात एक वाक्यही मिळालेले नाही.

दुसरे असे की टर्नपाइकने नुसती इमारत नेली नाही. या पट्ट्यात रेल्वेच्या चार मार्गिका होत्या. महामार्गाला जागा देताना त्यांतल्या दोनच राहिल्या. पुढे ऑबर्नडेलसह न्यूटनमधील तिन्ही स्थानकांना एकाच बाजूचा फलाट उरला आणि तोही पायऱ्या उतरूनच गाठायचा. एका बाजूलाच फलाट असल्याचा अर्थ आपल्याकडील वाचकांना सांगायला हवा: थांबणाऱ्या गाडीला, ती कोणत्याही दिशेची असो, त्याच मार्गिकेवर यावे लागते. मग सकाळी बॉस्टनकडे जाणाऱ्या गाड्यांनी ती मार्गिका अडवली की उलट दिशेने येऊ पाहणाऱ्याची गैरसोय ठरलेलीच. चाकांच्या खुर्चीवरील माणसाला तर कोणतीच गाडी नाही. हा इतिहास संपलेला नाही, तो रोज चालू आहे, आणि कोरीव दगडांच्या छायाचित्रांत तो दिसत नाही.

प्रतिसाद २

थोडे बाजूला जाऊन एक भर घालतो. याच शहरातील दुसऱ्या फाट्यावर चेस्टनट हिल येथेही रिचर्डसन यांचे स्थानक होते. ३१ मे १९५८ रोजी त्या फाट्यावरची जुनी गाडी बंद झाली आणि ४ जुलै १९५९ रोजी त्याच वाटेवर ट्रॉली, म्हणजे विजेवर चालणारी ट्राम, सुरू झाली. तेथे महामार्ग आला नाही, तरीही इमारत गेली, आणि तिच्या जागी मोटारी उभ्या करण्याची सोय झाली. म्हणजे प्रवाशांसाठी बांधलेली वास्तू प्रवाशांच्याच मोटारींसाठी पाडली गेली. सगळा दोष टर्नपाइकच्या माथी मारणे म्हणूनच मला पटत नाही.

धागालेखक

फलाटाचा मुद्दा मी सोडून दिला होता, ही माझी चूक मान्य आहे. तरीही "छपराचा इतिहास" ही संभावना अन्यायाची वाटते. त्या छपराखाली गाडीची वाट पाहणे सुसह्य होते, आणि प्रवाशाला उभे राहायला कोरडी जागा देणे हे स्थानकाचे कामच आहे, अलंकार नव्हे. याच मार्गावर पुढे फ्रेमिंगहॅम येथे रिचर्डसन यांची इमारत आजही उभी आहे, तेथे उपाहारगृहेही चालली, आणि त्या गावात गाड्याही थांबतात. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

प्रतिसाद १

फ्रेमिंगहॅम मान्य, पण तेथे टर्नपाइकला रुळांची जागा नको होती. आपण न्यूटनमधल्याच वुडलँड स्थानकाच्या इमारतीचे उदाहरण का टाळलेत? तीही रिचर्डसन यांचीच, तीही वाचली, आणि आज ती गोल्फच्या मैदानात सामान ठेवण्याच्या कामी येते. तिच्या छपराखाली कोणीही गाडीची वाट पाहत नाही. ऑबर्नडेलची इमारत कशीबशी वाचवली असती, तरी तिच्यासमोर चारऐवजी दोनच मार्गिका राहिल्या असत्या आणि उलट दिशेच्या प्रवाशाला तिच्यातल्या बाकावर जरा अधिक वेळ बसून राहावे लागले असते.