मदत हवी आहे : केंद्रीय करांतील महाराष्ट्राचा वाटा कसा समजावून सांगावा?

नमस्कार. मी पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवते. परवा एका विद्यार्थिनीने टिळक रस्त्यावरच्या उपाहारगृहाचे बिल वर्गात आणले. त्यावर केंद्राचा जीएसटी २.५ टक्के आणि राज्याचाही २.५ टक्के असे छापलेले होते, आणि तिचा प्रश्न रास्त होता : "मॅडम, निम्मा कर राज्याला मिळतोच, मग राज्यांची तक्रार कशाची?"

केंद्राचे कर राज्यांत कसे वाटायचे याची शिफारस करणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतील (राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या करांतील) ४१ टक्के रक्कम राज्यांना दिली, त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता, आणि वाटपाच्या सूत्रात दरडोई उत्पन्नातील तफावतीला ४५ टक्के भार असल्यामुळे तुलनेने संपन्न राज्यांच्या पदरी कमी पडले, इतके मी सांगितले. गरीब राज्यांना अधिक मिळावे हे मला मनापासून पटते. मात्र उपकर (ठरावीक कामासाठीचा जादा कर) आणि अधिभार (करावरचा कर) या विभाज्य निधीत येतच नाहीत, आणि माझ्या मते राज्यांची खरी दुखरी नस हीच आहे.

उपकर-अधिभाराची वर्षनिहाय वसुली आणि महाराष्ट्राला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम शेजारी-शेजारी मांडायची असल्यास अर्थसंकल्पाची नेमकी कोणती कागदपत्रे पाहावीत? जीएसटीमुळे घटलेल्या महसुलापोटी केंद्र राज्यांना देत असलेल्या भरपाईची पाच वर्षे जून २०२२ मध्ये संपल्यानंतरचा परिणाम सोप्या मराठीत मांडलेले लेखन कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया कळवावे.